दहा ग्रॅमचा धागा

तांबट लेनमध्ये आम्हाला जाग यायची
ती ठोके थांबल्यावर.
चालू असताना कुणीही गाढ झोपायचं.

आता आडगावच्या बाजूला,
कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर
मी मेणात बसवलेलं काळीज कापते.
उंदराचं.
थॉमसन द्राक्षाच्या मण्याएवढं.
पाच मायक्रॉनची चकती कोमट पाण्यावर सोडली
की सायीसारखी पसरते.
सुरकुती पडली तर वाया,
आणि ज्या जिवाचं ते होतं, तोही थोडासा वाया.

मग लाल रंग, तासभर.
स्नायू पिवळे राहतात.
जिथे जिथे काळीज बरं व्हायला गेलं
आणि जास्तच बरं झालं,
तिथे तांबडे धागे.
भिंगाखालचा उजेड फिरवला
की सगळं अंधारतं, धागेच तेवढे पेटतात,
अगदी आप्पांच्या भट्टीतल्या पत्र्यासारखे.
सर म्हणतात, वर्णन नको, टक्का लिहा.
लिहिते: अकरा पूर्णांक चार.

साखर दिलेल्या उंदरांना तहान फार.
म्हणजे साखर देत नाही आम्ही,
एक सुई देतो, साखर त्यांची तीच चढते.
शेपटीवर तीन रेघा असलेला तर
रात्रभर नळीला चिकटलेला असायचा.
सकाळी सुकदेवभाऊ रिकामी बाटली हलवून दाखवायचे,
"मॅडम, ह्याला गोदावरी आणून लावा."
मी हसायचे, तारीख घालायचे, मिलिलिटर लिहायचे.

आणि घरी, त्याच वर्षी,
आप्पांच्या उशाशी तांब्याचा तांब्या.
रात्री भांड्यावर भांडं वाजायचं,
एकदा, मग पुन्हा, मग पहाटे.
मी कूस बदलायचे.
आवाज चालू असताना झोपायची
सवय होती ना आम्हाला.

तीनशे बारा आली.
"जेवणाआधी घेतली की नंतर?"
"मधे," म्हणाले.

एका रविवारी त्यांना प्रयोगशाळेत नेलं.
भिंगाला डोळा लावून बराच वेळ बसले,
धंद्यातल्या माणसासारखे.
"हे ताठलंय," म्हणाले.
"ठोकून ठोकून तांबं असंच ताठतं.
मग त्याला ताव द्यायचा.
लाल करायचं, पाण्यात सोडायचं,
परत लेकरासारखं मऊ.
तुमच्याकडे ह्याला ताव कसा देतात?"

मी त्यांना औषधाचं नाव सांगितलं.
म्हणजे नाव नव्हतंच अजून, नंबर होता.
चोवीस उंदरांत धागे थोडे कमी झाले होते,
सहा मेले होते, कशाने ते कळलं नव्हतं.
"म्हणजे भट्टी पेटायचीय," ते म्हणाले,
आणि पिंजऱ्यांकडे गेले,
तीन रेघावाल्यापाशी थांबले.
काही बोलले नाहीत.
बाटली अर्धी होती, ती त्यांनी नीट खाली सरकवली.

गुरुवारी पंचवटीच्या दवाखान्यात मी पाय तपासते.
एकाच्या चपलेत खिळा निघाला होता,
दोन दिवस तो त्यावर चालत होता, रामकुंडापर्यंत जाऊन आला होता.
"दुखलं नाही?"
"नाही ना, म्हणून तर बरं वाटत होतं."
तेव्हापासून दहा ग्रॅमचा धागा पर्समध्येच असतो.
नायलॉनचा, ब्रशच्या केसासारखा.
तळव्याला टेकवायचा, वाकेपर्यंत.

काल आप्पांना खाटेवर निजवलं.
तळव्यांना घट्टे. पत्रा पायाने दाबून धरायचे ना,
पन्नास वर्षं.
"डोळे मिटा. कळलं की हो म्हणा."
अंगठ्याखाली टेकवला. गप्प.
करंगळीशी. गप्प.
टाचेला. गप्प.
माझा श्वास त्यांना ऐकू गेला असावा.

"हो," म्हणाले.
थोड्या वेळाने, "हो."
मग पुन्हा, "हो,"
ठोके मोजून टाकावेत तसं, समान अंतरावर.

धागा हवेत होता.